प्रवासवर्णन छापताना फर्म्याचे गणित

विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीतील आपली भ्रमंती १८८३ च्या सुमारास लिहून काढली. ‘माझा प्रवास’ छापून आला तो १९०७ मध्ये, तोही संपादक चिं. वि. वैद्य यांच्या फेरफारांसह. मूळ संहितेसाठी १९६६ साल उजाडावे लागले. आज प्रवासवर्णन स्वतः छापणाऱ्यास इतके थांबावे लागत नाही. मात्र संपादकाचे कामही त्याच्याच अंगावर येते.

डिजिटल छपाईत प्लेट लागत नसल्याने २५-५० प्रतीही काढता येतात. शेकड्यांनी प्रती हव्या असतील तर ऑफसेट परवडते; पण तेथे सोळा पृष्ठांचा फर्मा आडवा येतो. मजकूर १०० पृष्ठांवर संपला, तर ९६ करावीत की ११२? अशा वेळी छायाचित्रे भरण्याचा मोह होतो. गाळणेच हिताचे, विमानतळ आणि हॉटेलातील न्याहारी प्रथम जावी. निवडक छायाचित्रांना छापील इंचामागे ३०० पिक्सेल हवेत. व्हॉट्सअॅपवरून आलेले, मोबाइलवर देखणे दिसणारे छायाचित्र कागदावर बहुधा धूसर उमटते. अखेरचे मुद्रितशोधन कागदावर, तेही दुसऱ्याकडून करून घ्यावे. फॉन्ट बदलताना मोडलेली जोडाक्षरे लेखकाच्या नजरेतून हमखास निसटतात.