बॉनेटवरचे झरोके आणि गरम हवेचा रस्ता

पोर्श 911 चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं, हे गाड्यांचा नाद असलेल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मग 2022 साली आलेल्या 911 जीटी3 आरएसच्या पुढच्या बॉनेटवर दोन भल्यामोठ्या नाकपुड्या कशासाठी? त्या झाकणाखाली इंजिन तर नाहीच, पण इतर 911 मध्ये असते ती बॅग ठेवायची जागासुद्धा नाही. तिथे तिरका बसवलेला एकच मोठा रेडिएटर आहे. समोरून शिरलेली हवा त्यातून जाताना तापते आणि नाकपुड्यांतून वर निघून जाते. 1966 साली ले मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत पहिले तीन क्रमांक पटकावणाऱ्या फोर्ड जीटी40 चीही रचना अशीच होती: इंजिन चालकाच्या पाठीमागे, रेडिएटर नाकात आणि त्याची हवा सोडणारी भोकं नाकाच्या माथ्यावर.

बॉनेटमधलं भोक म्हणजे इंजिनाला वारा घालायची सोय, ही समजूत इथेच डळमळते.

मुळात या भोकांच्या दोन जाती आहेत आणि त्यांची सर्रास गल्लत होते. पुढे तोंड असलेलं भोक हवा घेतं. मागे तोंड असलेलं किंवा मागे झुकलेल्या पट्ट्यांचं भोक हवा सोडतं. पहिल्या पिढीची टोयोटा फॉर्च्युनर आपल्याकडच्या रस्त्यांवर अजून दिसते. तिच्या बॉनेटवरचं ते उंच तोंड ‘इंजिन गार ठेवतं’ असं छातीठोकपणे सांगणारे चहाच्या टपरीवर हमखास भेटतात. प्रत्यक्षात त्याच्या बरोबर खाली इंटरकूलर आहे. टर्बोनं दाबल्यामुळे तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणं, एवढंच त्याचं काम. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सच्या बॉनेटवरचं प्रसिद्ध तोंडही त्याच कामाचं. तिची रॅलीतली जुनी वैरीण मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन. तिचा इंटरकूलर पुढच्या बंपरमागे बसतो, त्यामुळे बॉनेटवरच्या मोठ्या जाळीतून हवा आत येत नाही, बाहेर जाते. एकाच मैदानातल्या दोन गाड्या, दोघींच्या बॉनेटला भोक, आणि काम अगदी उलटं.

दुसरी समजूत जास्त चिवट आहे, कारण ती अर्धी खरी आहे. गरम हवा वर जाते, तेव्हा बॉनेटला कुठेही भोक पाडा, उष्णता आपोआप निघून जाईल. जुन्या वाड्याच्या स्वयंपाकघरातलं धुराडं याच न्यायानं चालायचं. पण वाडा ताशी शंभर किलोमीटरनं धावत नाही. साधा हिशेब करून पाहू. बाहेर 35 अंश आणि बॉनेटखाली 80 अंश सेल्सिअस असताना अर्धा मीटर उंचीच्या गरम हवेला वर ढकलणारा दाब भरतो जेमतेम 0.7 पास्कल. ताशी 100 किलोमीटर वेगानं समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब असतो सुमारे 450 पास्कल, म्हणजे सहाशे पटींहून जास्त. वेग दुप्पट झाला की हा आकडा चौपट होतो. धावत्या गाडीत गरम हवेची वर जायची हौस कुणी विचारत नाही. भोकाच्या वर दाब किती आणि खाली किती, यावरच हवेची दिशा ठरते.

बॉनेटवर हा दाब सगळीकडे सारखा नसतो. नाकावरून वळसा घेताना हवेला वेग येतो आणि तिथला दाब उतरतो. तीच हवा मागे समोरच्या काचेच्या पायथ्याशी येऊन तुंबते आणि दाब चढतो. म्हणून सोडायची भोकं पुढच्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे असतात. भोक पाडण्याआधी बॉनेटवर लोकरीचे तुकडे चिकटवून हवेचा कल पाहणारे हौशी लोक असतात, आणि ते शहाणे असतात.

ज्यांना एवढी खटपट नको, ते वॉशरची युक्ती करतात. बॉनेटच्या बिजागरीखाली दोन-दोन वॉशर घालायचे, मागची कड बोटभर उचलायची, की झाला झरोका तयार! दिसायला झकास. पण ही फट उघडते नेमकी काचेच्या पायथ्याशी, जिथे दाब जास्त असतो. अमेरिकेत 1969 च्या शेव्हरोले कॅमेरोला मिळणारं ‘काउल इंडक्शन’ बॉनेट याच दाबाचा फायदा घेण्यासाठी बनलं होतं. त्याचं तोंड मागे, काचेकडे होतं आणि तिथून कार्ब्युरेटरसाठी हवा आत ओढली जायची. म्हणजे कॅमेरोच्या अभियंत्यांनी जी जागा हवा घेण्यासाठी निवडली, तिथूनच हवा सोडायचा हा खटाटोप. वेग धरला की फटीतून वारा आत शिरायला बघतो आणि रेडिएटरमागे आधीच झालेल्या कोंडीत भर पडते. सिग्नलला गाडी उभी असताना मात्र त्या फटीतून वाफा निघताना दिसतात, त्यामुळे मालक खूश. केबिनमध्ये ताजी हवा घेणारी जाळीही बहुतेक गाड्यांत तिथेच, वायपरपाशी असते. तेव्हा त्या वाफांचा बराचसा प्रसाद आत बसलेल्यांनाच मिळतो.

कोंडीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. गाडी तापली की सगळे समोरची जाळी मोठी करायच्या मागे लागतात. पण रेडिएटरमधून हवा किती जाईल हे जसं समोरच्या तोंडावर ठरतं, तसं मागच्या वाटेवरही ठरतं. गर्दीच्या लोकलमध्ये उतरणारे उतरल्याशिवाय चढणाऱ्यांना जागा मिळत नाही, तसंच. इंजिन, टर्बो, पाइप आणि वायरींच्या दाटीत हवा अडली तर पुढून कितीही ढकला, ती रेडिएटरला वळसा घालून दुसरीकडे निघते. म्हणून रेडिएटरच्या कडा बंद करणं आणि त्याच्या मागून थेट झरोक्यापर्यंत हवेला वाट करून देणं, हे दिसायला कंटाळवाणं काम झरोक्याइतकंच मोलाचं आहे. निव्वळ पत्रा कापून जाळी बसवणाऱ्यांची निराशा बहुधा इथे होते. शिवाय बॉनेटच्या आतल्या बाजूला पत्र्याचा जो सांगाडा असतो तो नुसता शोभेचा नसतो. तो कापला की बॉनेट वेगात थरथरायला लागतं.

आणि फक्त उष्णतेसाठीच एवढा आटापिटा चालतो असंही नाही. रेडिएटरमधून आलेली हवा गाडीच्या पोटाखाली गेली तर ती नाक वर उचलू पाहते. वरून सोडली तर पुढची चाकं रस्त्याला जास्त घट्ट धरतात. 2014 च्या कॉर्व्हेट स्टिंगरेमध्ये रेडिएटर पुढे झुकवून त्याची हवा बॉनेटमधून काढली, त्यामागे हाही हेतू होता. फेरारी 488 पिस्टाच्या नाकात तर हवा पुढून शिरते आणि बॉनेटवरून बाहेर पडते, ती केवळ गाडीला खाली दाबण्यासाठी. तिचंही इंजिन मागेच आहे.

ताकद वाढते का, हा प्रश्न गॅरेजमध्ये सगळ्यात आधी विचारला जातो, आणि त्याचं उत्तर सगळ्यात रुक्ष आहे. आत घेतलेली हवा दहा अंशांनी गार झाली तर ती सुमारे तीन टक्के दाट होते, हे खरं. पण बहुतेक स्पोर्ट्स कार श्वासाची हवा जाळीजवळून, बंद नळीतून घेतात. बॉनेटखाली काय तापमान आहे याच्याशी तिचा फारसा संबंध येत नाही. कूलंटचा काटाही लगेच खाली येत नाही. त्याचं तापमान थर्मोस्टॅट राखतो, शिवाय अनेक गाड्यांत तो काटा मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. फायदा होतो तो रबरी नळ्यांना, वायरींच्या आवरणांना, टर्बोजवळच्या प्लॅस्टिकला. विशेषतः जोरात पळवून गाडी बंद केल्यावर. तेव्हा वारा थांबलेला असतो, कूलंट फिरत नसतं आणि लालबुंद टर्बोची धग आजूबाजूला पसरत असते. लान्सिया डेल्टा इंटेग्रालेच्या बॉनेटवरच्या झडपा, किंवा 1987 च्या फेरारी एफ40 च्या मागच्या पारदर्शक झाकणातल्या फटी, अशा वेळी खऱ्या अर्थानं धुराड्याचं काम करतात. त्या 0.7 पास्कलला इथे मान मिळतो.

पाऊस? धावताना बाहेर पडणारी हवा बरंचसं पाणी आत येऊ देत नाही. गाडी उभी असेल तेव्हा मात्र थेंब थेट इंजिनावर पडतात. फोर्डनं 2020 च्या शेल्बी जीटी500 ला साधारण 31 बाय 28 इंचांचा अवाढव्य झरोका दिला आणि त्याखाली पाणी अडवणारा अॅल्युमिनियमचा ट्रे बसवला. ट्रॅकवर जायचं तर तो ट्रे काढून ठेवायचा. मुंबईच्या पावसात इंजिनं जातात ती वरच्या थेंबांनी नव्हे, तर तुंबलेलं पाणी हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये ओढलं गेल्यानं.

काही झरोके तर पावसालाही दाद देत नाहीत, कारण ते उघडे नसतातच. 2019 च्या टोयोटा जीआर सुप्राच्या बॉनेटवरच्या फटी प्लॅस्टिकनं बुजवलेल्या होत्या. शर्यतीसाठी गाडी तयार करताना त्या उघडता येतील, असं टोयोटाचं म्हणणं होतं.

राहिली ती बाहेर काढलेली गरम हवा. ती काही नाहीशी होत नाही. बॉनेटवरून काचेवर, काचेवरून छतावर सरकत जाते. जीटी3 आरएसमध्ये यातून नवीच पंचाईत होते. छतावरून मागे जाणारी ही तापलेली हवा सरळ पोचते ती मागच्या इंजिनाच्या श्वासापाशी. पोर्शनं म्हणून छताच्या पृष्ठभागावर उभे पंख बसवले. ते गरम हवेला दोन्ही बाजूंना वळवतात आणि इंजिनाच्या वाट्याला मधली गार हवा येते.