पदवीचे अखेरचे वर्ष, मैदानी नोकरी आणि लांब पल्ल्याची धाव

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील सोनई हे मुळा धरणाच्या पाण्यावर वाढणाऱ्या उसाचे आणि मुळा सहकारी साखर कारखान्याचे गाव म्हणून ओळखले जात असले, तरी कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी संलग्न असलेले कृषी महाविद्यालय यांमुळे ते आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील तरुणांचे शिक्षणाचे केंद्रही झाले आहे. अशा ठिकाणी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यापुढे पुष्कळदा तीन उद्दिष्टे एकाच वेळी उभी राहतात: पदवी पदरात पाडून घेणे, वनखाते, पोलीस, सैन्य किंवा कृषिक्षेत्र यांपैकी एखादी उघड्यावरची नोकरी मिळवणे आणि लांब पल्ल्याच्या धावण्याचा सराव टिकवणे. ही तिन्ही एकमेकांच्या वेळेवर अतिक्रमण करतात असे वरवर दिसत असले, तरी प्रत्येकाची मुदत निराळी असल्यामुळे त्यांचा मेळ घालणे हा मुख्यतः क्रम लावण्याचा प्रश्न ठरतो.

या नोकऱ्यांमध्ये शरीराची परीक्षा असते हे खरे. परंतु ती किती आणि कशा प्रकारची असते हे नीट पाहिले जात नाही. महाराष्ट्र पोलीस भरतीत शारीरिक चाचणीला ५० आणि लेखी परीक्षेला १०० गुण असून शारीरिक चाचणीत पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर धावावे लागते आणि त्याखेरीज १०० मीटर धाव व गोळाफेक असते. वनरक्षकांच्या २०२३ च्या भरतीत लेखी परीक्षा १२० गुणांची आणि धाव ८० गुणांची होती, व ती धाव पुरुषांसाठी ५ किलोमीटर, तर महिलांसाठी ३ किलोमीटर होती. केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जाणाऱ्या भारतीय वनसेवेत धावण्याऐवजी चालण्याची चाचणी असून पुरुषांना ४ तासांत २५ किलोमीटर आणि महिलांना तेवढ्याच वेळात १४ किलोमीटर अंतर कापावे लागते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, ‘ग्राउंड’ निघाले म्हणजे भरती झाली ही समजूत गुणांच्या हिशेबात टिकत नाही, कारण पोलीस आणि वनरक्षक या दोन्ही भरतींत लेखी परीक्षेचे पारडे जड आहे, आणि वनसेवेत तर चालण्याची चाचणी केवळ पात्रतेपुरती असते. दुसरी अशी की, ‘धावणे’ या एकाच शब्दाखाली शरीराच्या निरनिराळ्या क्षमता येतात. १६०० मीटर अंतर ५ मिनिटे १० सेकंदांत कापायचे झाल्यास दर किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे १४ सेकंदांची गती लागते, तर वनसेवेच्या चाचणीतील पुरुष उमेदवाराला दर किलोमीटरला साडेनऊ मिनिटांहून थोडा अधिक वेळ मिळतो. रोज दहा किलोमीटर संथ गतीने धावणाऱ्याला दुसरी चाचणी सहज जमेल, पहिली मात्र वेगाचा स्वतंत्र सराव केल्याखेरीज जमणार नाही. आणि गोळाफेकीसाठी लागणारी ताकद यांपैकी कोणत्याच सरावातून आपोआप येत नाही.

लांब पल्ल्याच्या धावण्याचा पाया प्राणवायूच्या वापरावर उभा असतो. अनेक महिने नियमितपणे संथ धावल्याने स्नायूंमधील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढतात आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. हे बदल सावकाश घडत असल्यामुळे भरतीची जाहिरात निघाल्यावर महिनाभरात ते उरकता येत नाहीत. याउलट, एकदा कमावलेली क्षमता टिकवण्यासाठी बरेच कमी श्रम पुरतात. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी केलेल्या प्रयोगांत, आठवड्यातून सहा दिवस सराव करणाऱ्यांनी तो दोन दिवसांवर आणला, तरी सरावाची तीव्रता कायम ठेवल्यास प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पंधरा आठवडे जवळजवळ तशीच राहिल्याचे आढळले. मात्र तीव्रता घटवली तेव्हा ती क्षमता उतरू लागली. शेवटच्या वर्षाचे वेळापत्रक याच निष्कर्षावर बेतता येते: वाढवण्याचे महिने वेगळे आणि राखण्याचे महिने वेगळे धरावेत, व परीक्षेच्या काळात अंतर आणि दिवस कमी करावेत, परंतु आठवड्यातून दोनदा तरी जोरकस धाव सोडू नये.

सोनई परिसराच्या ऋतुमानाशीही ही विभागणी जुळते. हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येत असल्यामुळे कोकणाप्रमाणे येथे पावसाळाभर सराव खोळंबत नाही. काळ्या जमिनीतील पाणंदी चिखलाने अडल्या, तरी डांबरी रस्ता आणि मैदान मोकळे राहते, आणि म्हणून सत्राच्या आरंभीचे जून ते सप्टेंबर हे महिने पाया घालण्यास सोयीचे असतात. दिवाळीच्या आगेमागे परीक्षा येतात आणि त्याच सुमारास उसाचा गळीत हंगाम सुरू होऊन पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यांवर येतात. जिल्ह्यातील उसाच्या फडांत बिबट्यांचाही वावर असतो. अकोले परिसरातील अशा बिबट्यांचा वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यामुळे फडालगतच्या वाटेवर अंधारात एकट्याने धावण्यापेक्षा उजाडल्यावर, गटाने आणि मोकळ्या मैदानावर सराव करणे शहाणपणाचे ठरते. एप्रिल-मेमध्ये ऊन चढते आणि दुसऱ्या सत्राच्या परीक्षाही तोंडावर येतात. तेव्हा थोडक्यात आटोपणारी सकाळची धाव अभ्यास आणि आरोग्य या दोहोंनाही परवडते.

कृषी पदवीच्या विद्यार्थ्याचे शेवटचे वर्ष याहून वेगळे असते. ग्रामीण कृषी कार्यानुभव या उपक्रमात त्याला एक सत्र गावात राहून शेतकऱ्यांसोबत काम करावे लागते, आणि या काळात विद्यार्थ्यांना कृषिदूत, तर विद्यार्थिनींना कृषिकन्या म्हटले जाते. माती परीक्षणाचे नमुने घेणे, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके दाखवणे आणि शिवारफेरी करणे या कामांत दिवसभर उन्हात उभे राहावे लागत असल्याने ते श्रम सरावाच्या हिशेबात धरलेच पाहिजेत. त्याचबरोबर उघड्यावरच्या नोकरीचे आकर्षण प्रत्यक्ष कामात टिकते की नाही, याचा अंदाज नोकरीआधीच घेण्याची ही दुर्मीळ संधी असते.

झोप आणि आहार या दोन बाबींत मात्र तडजोड चालत नाही. झोपेत स्नायूंची दुरुस्ती होते आणि वाचलेले स्मरणात पक्के होते. म्हणून रात्री जागून अभ्यास आणि पहाटे उठून धावणे हा क्रम दोन्हीकडून तोट्याचा पडतो. खर्ची पडणाऱ्या ऊर्जेइतके अन्न दीर्घकाळ मिळाले नाही, तर मासिक पाळी अनियमित होणे आणि हाडे ठिसूळ होणे यांसारखे विकार उद्भवू शकतात, आणि हाडांचा हा धोका केवळ मुलींपुरता नसतो.

या वर्षी सराव थोडा मागे ठेवला तर धावपटू म्हणून आयुष्य संपेल, ही भीती महाराष्ट्राच्या अनुभवावरून निराधार ठरते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा येथे १९९४ मध्ये जन्मलेले अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले, सियाचिनसारख्या ठिकाणी त्यांनी सेवा केली आणि २०१५ मध्ये, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या वयात, सैन्यातील क्रॉसकंट्री शर्यतींकडे ते वळले. पुढे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीत, रौप्यपदक मिळवले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच प्रकाराच्या अंतिम फेरीत धावल्या तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या.

लांब पल्ल्याच्या धावपटूची उमेदीची वर्षे बहुधा पंचविशीनंतर येतात, तर पोलीस भरतीत खुल्या प्रवर्गासाठी वयाची कमाल मर्यादा २८ आणि भारतीय वनसेवेत ३२ वर्षे असते; शिवाय वनसेवेला बसण्यासाठी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र, कृषी, वनशास्त्र अशा विहित विषयांतील पदवी लागते. म्हणून तिन्हींपैकी सर्वांत आधी मुदत संपते ती पदवीची, आणि नोकरीचे वरचे दारही तीच उघडते; त्या वर्षापुरते पुस्तकाला पहिले स्थान देऊन धाव राखणीवर ठेवणारा विद्यार्थी तिन्हींपैकी काहीही गमावत नाही.