वैद्य, द्रव्य आणि वस्तू व सेवा कर

घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ रोजी, औषधांवरील वस्तू व सेवा कराचे नवे दर देशभर अमलात आले. त्याच आठवड्यात तोरण्याच्या पायथ्याकडील एका वाडीतून एक वयोवृद्ध शेतकरी आमच्या वेल्ह्याच्या दवाखान्यात आले. संधिवाताचे जुने रुग्ण. योगराज गुग्गुळ आणि बाजारातून आणलेली महानारायण तेलाची एक बाटली आम्ही नेहमीप्रमाणे त्यांच्या हाती दिली. बाटलीवरील छापील किंमत १४० रुपये. पैसे मोजता मोजता ते थांबले आणि म्हणाले, "डाक्टरसायेब, टीव्हीवर सांगत्यात दवा सस्त झाली. मग ह्या बाटलीचं पैसं तेवढंच कसं?"

"माल जुना आहे," हे उत्तर ओठांवर आले होते. परंतु ते खरे उत्तर नव्हे, हे आम्हांसही कळत होते. कागद घेऊन हिशेब मांडला. १४० रुपयांत मूळ किंमत १२५ रुपये आणि १२ टक्क्यांप्रमाणे कर १५ रुपये. नव्या ५ टक्क्यांच्या दराने तीच बाटली १३१ रुपये २५ पैशांची होते. आम्ही त्यांना नऊ रुपये परत केले. ते अर्थातच आमच्या पदरचे गेले, कारण कराची नोंदणी नसलेल्या वैद्यास खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. रक्कम क्षुल्लक होती. तथापि, या करसुधारणेत वैद्य नेमका कोठे उभा आहे, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात घर करून राहिला. तोच वैद्यबंधूंपुढे व औषधी-व्यावसायिकांपुढे ठेवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

सवलत की परतफेड?

३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५६व्या बैठकीत ५ व १८ टक्के असे दोनच प्रमुख दर ठेवण्याचा निर्णय झाला आणि आयुर्वेदीय औषधे १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. या निर्णयाचे आपण सर्वांनी स्वागत केले, ते योग्यच झाले. परंतु स्वागत करताना मागचा हिशेब विसरता कामा नये.

१ जुलै २०१७ पूर्वी औषधी द्रव्ये व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांत सांगितलेल्या पाठाप्रमाणे सिद्ध केलेले आणि ग्रंथोक्त नावानेच विकले जाणारे औषध केंद्रीय उत्पादनशुल्कातून मुक्त होते. त्रिफळा चूर्ण त्रिफळा चूर्ण या नावाने विकल्यास उत्पादनशुल्क शून्य. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून लागू झालेला मूल्यवर्धित कर तेवढा लागे, तो आधी ४ व पुढे ५ टक्के होता. वस्तू व सेवा कर आला आणि ग्रंथोक्त असो वा स्वामित्व-पाठाचे असो, सर्व औषधे १२ टक्क्यांच्या एकाच रांगेत बसली. म्हणजे शास्त्रोक्त औषधांपुरते पाहिल्यास २०१७ साली जो भार वाढला, तोच आठ वर्षांनी उतरला. याला सवलत म्हणण्यापेक्षा परतफेड म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की या कराने काही जाच दूर केले. आसवारिष्टांमधील स्वयंजनित मद्यांशामुळे १९५५च्या औषधी व प्रसाधन सिद्धी (उत्पादनशुल्क) कायद्याचा जो ससेमिरा लहान निर्मात्यांमागे असे, ते शुल्क २०१७ साली या करातच विलीन झाले. जकात नाक्यावर गाडी उभी करून काष्ठौषधींची पोती मोजून देण्याचे दिवसही सरले. जुने ते सर्व सोने होते, असे आमचे मुळीच म्हणणे नाही.

एक दवाखाना, दोन मर्यादा

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चतुष्पाद आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. वैद्य आणि द्रव्य हे त्यांपैकी पहिले दोन पाद. आपल्या शास्त्रात ते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. औषधी द्रव्ये व सौंदर्यप्रसाधने कायद्यालाही हे मान्य आहे. त्याच्या कलम ३३ ईईसीच्या परंतुकानुसार, जो वैद्य स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करतो, त्याला त्या कलमातील उत्पादनविषयक निर्बंध लागू होत नाहीत. वैद्याने स्वतः काढा उकळावा, तेल सिद्ध करावे आणि स्वतःच्या रुग्णास द्यावे, ही परंपरा त्या कायद्याने जपली.

करकायदा मात्र हे दोन पाद वेगळे करतो. मान्यताप्राप्त वैद्यकपद्धतीतील नोंदणीकृत चिकित्सकाची सेवा करमुक्त आहे. त्याने दिलेले औषध ही 'वस्तू' आहे आणि ती करपात्र आहे. दाखल रुग्णाच्या उपचारातील औषध हे सेवेचाच भाग मानले जाते. परंतु बाह्यरुग्णास दिलेले औषध हा स्वतंत्र पुरवठा होय, असा अभिप्राय केरळमधील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने २०१८ मध्येच दिला आणि करसल्लागार सामान्यतः तीच भूमिका घेतात. आपल्यापैकी बहुसंख्यांकडे खाटा नाहीत. आपले सर्व रुग्ण बाह्यरुग्णच.

येथे एक बारीक गाठ आहे आणि ती पुष्कळांच्या लक्षात आलेली नाही. १ एप्रिल २०१९ पासून नोंदणीची मर्यादा २० लाखांवरून ४० लाख रुपये झाली, असे आपण सर्वजण धरून चालतो. परंतु ही वाढीव मर्यादा *केवळ वस्तूंचा* पुरवठा करणाऱ्यासाठी आहे. जो सेवाही देतो आणि वस्तूही देतो, त्याची मर्यादा २० लाखच राहते. शिवाय एकूण उलाढाल मोजताना करमुक्त सेवेचे शुल्कही त्यात धरले जाते. म्हणजे शेजारच्या औषधविक्रेत्याने ३९ लाखांचा धंदा केला तरी त्याला नोंदणीची सक्ती नाही. आणि ज्या वैद्याने १४ लाखांचे शुल्क व ७ लाखांची औषधे असा २१ लाखांचा व्यवसाय केला, त्याला मात्र नोंदणी, विवरणपत्रे, वेगळी बिले आणि खरेदीवरील कराची प्रमाणशीर विभागणी असा सर्व संसार मांडावा लागतो. वैद्य असणे हाच जणू त्याचा अपराध!

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. पंचकर्माची सोय केल्यापासून आमचीही उलाढाल हळूहळू त्या रेषेजवळ येऊ लागली आहे. सल्ला घेतला, तेव्हा सांगण्यात आले की दवाखाना आपल्या नावावर ठेवा आणि औषधांचे दुकान घरच्या कोणाच्या नावावर काढा. दुसरा मार्ग असा की स्वतः औषधे करणे बंद करा व चिठ्ठी लिहून द्या. पहिला मार्ग कायद्यात बसत असेलही, परंतु एका छपराखाली एकाच रुग्णासाठी दोन धंदे दाखवावेत, हे मनाला पटत नाही. दुसरा मार्ग शहरात सोपा आहे. वेल्ह्यात चिठ्ठी लिहून दिली तर रुग्णाने ती घेऊन कोठे जावे? आषाढातल्या पावसात घाटमाथ्यालगतच्या वाडीवरून जो दोन तास चालत येतो, तो त्या काढ्यासाठी नसरापूरला किंवा पुण्याला जाणार नाही. तो औषधाविनाच राहील.

नागपूरचे तीन खटले

द्रव्याला वैद्यापासून वेगळे काढले की ते औषध आहे की नित्य वापराची वस्तू, हा वाद आपोआप उभा राहतो. त्याचा इतिहास आपल्याच महाराष्ट्रातला आहे. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाचा वाद नागपूरहून सर्वोच्च न्यायालयात गेला. ते औषध नव्हे, हा निर्णय १९९०च्या दशकात झाला आणि २००९ साली पुन्हा कायम राहिला. उलट, विको लॅबोरेटरीजच्या वज्रदंती व हळदीच्या क्रीमला २००४ साली त्याच न्यायालयाने आयुर्वेदीय औषध मानले. २००६ साली पुमा आयुर्वेदिक हर्बल या नागपूरच्याच संस्थेचा दावा अनेक उत्पादनांबाबत मान्य झाला. या निकालांतून दोन कसोट्या पुढे आल्या. घटकद्रव्ये अधिकृत ग्रंथांतील आहेत काय, आणि सामान्य लोक त्या वस्तूकडे औषध म्हणून पाहतात काय?

औषधी-व्यावसायिकांनी यातील दुसरी कसोटी विशेष ध्यानात ठेवावी. आता दंतमंजन, केशतेल व औषध ही तिन्ही ५ टक्क्यांवर आल्यामुळे या वादाची धार बरीच बोथट झाली आहे. परंतु त्वचेची प्रसाधने १८ टक्क्यांवरच आहेत. लेप किंवा मलम विकताना वेष्टनावर रोगाचे नाव, मात्रा व पथ्य लिहावयाचे की कांतीची जाहिरात करावयाची, याचा निर्णय निर्मात्यानेच घ्यावयाचा असतो. औषध म्हणून कराची सवलत घ्यावयाची आणि विकताना सौंदर्याचा मोह दाखवावयाचा, ही दुटप्पी चाल न्यायालयात टिकत नाही आणि शास्त्रालाही शोभत नाही.

शून्य कर मागावा काय?

आपल्या सभांतून 'आयुर्वेदीय औषधे पूर्ण करमुक्त करा' अशी मागणी नेहमी होते. टाळ्याही पडतात. आमचे मत थोडे वेगळे आहे.

उदाहरणादाखल एका लहान फार्मसीचे आकडे धरू. १०० रुपयांच्या मालासाठी ४० रुपयांची वाळलेली द्रव्ये व तेल ५ टक्क्यांनी घेतले, तर कर २ रुपये. १५ रुपयांच्या बाटल्या १८ टक्क्यांनी, कर २ रुपये ७० पैसे. १० रुपयांच्या विविध सेवा १८ टक्क्यांनी, कर १ रुपया ८० पैसे. एकूण ६ रुपये ५० पैसे कर खरेदीतच भरला गेला, आणि विक्रीवरील कर मात्र ५ रुपये. आमच्या मावळातला हिरडा ५ टक्क्यांवर आणि तो ज्या बाटलीत भरावयाचा ती १८ टक्क्यांवर, असा हा उलटा प्रकार आहे. उरलेले दीड रुपये निर्मात्याच्या खात्यात अडकतात. त्याचा परतावा मागता येतो. परंतु सेवांवरील व यंत्रसामग्रीवरील कर त्या परताव्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये व्हीकेसी फूटस्टेप्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आता हेच औषध पूर्ण करमुक्त केले तर काय होईल? करमुक्त मालाच्या निर्मात्यास खरेदीवरील कराची वजावटच मिळत नाही. ते साडेसहा रुपये सरळ खर्चात धरले जातील आणि औषधाची किंमत १०६ रुपये ५० पैशांकडे जाईल. आज ती ५ टक्क्यांसह १०५ रुपये आहे. म्हणजे घोषणेला टाळ्या मिळतील, रुग्णाला मात्र काहीच मिळणार नाही.

म्हणून संघटनेने दोन नेमक्या मागण्या कराव्यात, असे आम्हांस वाटते. पहिली मागणी मर्यादेची. ठेवी व कर्जे यांवरील व्याजाची करमुक्त सेवा देणारा व्यापारीदेखील कायद्यात 'केवळ वस्तू देणारा' धरला जातो आणि त्याला ४० लाखांची मर्यादा मिळते. जी मुभा व्याजाला आहे, तीच वैद्यकीय शुल्काला द्यावी. यासाठी एका स्पष्टीकरणात एका ओळीची भर पुरेशी आहे. दुसरी मागणी परताव्याची. लहान फार्मसींना सेवांवरील अडकलेला करही परत मिळावा. वस्तू व सेवा कर परिषदेत राज्यांच्या मतांचे वजन दोन तृतीयांश आहे आणि आपल्या राज्याचे मंत्री तेथे बसतात. आपले निवेदन दिल्लीस धाडण्यापूर्वी मुंबईस पोहोचले पाहिजे.

आपला स्वतःचा आरसा

मागण्या करण्यापूर्वी आपणही स्वतःकडे पाहावे. १२ टक्क्यांच्या काळातील छापील किंमत १०५ने गुणून ११२ने भागली की नवी रास्त किंमत मिळते. शंभर रुपयांमागे सव्वासहा रुपये कमी. आपल्या किती फार्मसींच्या नव्या वेष्टनांवर हा फरक उतरला आहे? नफाखोरीविरोधी तरतुदींखाली १ एप्रिल २०२५ पासून नवी तक्रार दाखल होत नाही. म्हणजे विचारणारा कोणी नाही. अशा वेळी जो आपण होऊन किंमत उतरवतो, त्याच्याच मागण्यांना वजन येते. निर्मात्यांनी जुन्या मालावरील फरक विक्रेत्यांना व वैद्यांना क्रेडिट नोटने द्यावा. वैद्यांनी शुल्क व औषध यांची वेगळी नोंद आजपासून ठेवावी. उद्या मर्यादा ओलांडली तर हीच वही उपयोगी पडेल, आणि संघटनेने मागण्या मांडताना खरे आकडे दाखवावयाचे झाल्यास तीही याच वह्यांतून मिळतील.

राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली आमच्या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. नाव मोठे आहे. येथील माणसाचा खिसा मात्र पूर्वीइतकाच लहान आहे. ते शेतकरी मार्गशीर्षात पुन्हा आले. या वेळी नव्या मालाची बाटली होती. त्यांनी ती उलटसुलट फिरवून किंमत वाचण्याचा प्रयत्न केला आणि मग आमच्याकडे देत म्हणाले, "तुमीच वाचा, तुमी बोलाल ते खरं." रुग्णाचा हा विश्वास कोणत्याही करपत्रकात धरला जात नाही. स्वतःच्या हाताने औषध करण्याचे आम्ही अजून तरी थांबवलेले नाही. ते थांबवण्याची वेळ आमच्यावर आणि आमच्यासारख्या अनेकांवर येऊ नये, एवढ्यासाठी संघटनेने हा प्रश्न हाती घ्यावा, ही नम्र विनंती.