नातीच्या रक्तासाठी पुरुषी हार्मोन?

जर्मनीत मुलाकडे राहून आलेल्या आपल्यातल्या एका भगिनीने गेल्या महिन्यात मला बाजूला घेतले. आठ वर्षांच्या नातीला ‘फँकोनी ॲनिमिया’ निघाला आहे आणि तिथले डॉक्टर पुरुषी हार्मोनच्या गोळ्या देऊ म्हणतात. “मुलीला दाढी येईल का गं?” त्यांनी सरळच विचारले. त्यांच्या परवानगीने इथे लिहिते.

हा नेहमीचा, लोह कमी पडल्याचा ॲनिमिया नव्हे. यात हाडांच्या मगजातला रक्ताचा कारखानाच हळूहळू बंद पडतो. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, तिन्ही घटतात. गिडो फँकोनी या स्विस बालरोगतज्ज्ञांनी १९२७ साली तीन भावांमधला हा आजार प्रथम नोंदवला. पुढे १९६४ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या ट्राउटे श्रोडर यांना अशा रुग्णांच्या पेशींत तुटलेली गुणसूत्रे दिसली. पेशीला आपली मोडतोड दुरुस्त करता येत नाही, हे मूळ. आजही निदान करताना रक्ताच्या पेशींवर एक रसायन टाकून तुटलेली गुणसूत्रेच मोजतात.

बहुतेक घरांत सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आलेले असते. ते दोघे स्वतः ठणठणीत असतात, पण प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका राहतो. अश्केनाझी ज्यूंमध्ये साधारण ९० जणांमागे एक जण असे जनुक बाळगतो, पण आजार सगळ्याच समाजांत आढळतो. तेव्हा सुनेच्या माहेराकडे बोट दाखवू नका. आपल्या मुलाकडूनही तेवढेच आले आहे.

आता गोळ्या. बोस्टनचे शाहिदी आणि डायमंड या डॉक्टरांनी १९५९ मध्ये मगज बंद पडलेल्या मुलांना टेस्टोस्टेरॉन देऊन रक्त वाढल्याचे दाखवले. आज ऑक्सिमेथोलोन किंवा त्याहून सौम्य डॅनाझॉल देतात. डॅनाझॉल आपल्या पिढीतल्या काही बायकांनी एंडोमेट्रिओसिससाठी घेतलेही असेल. साधारण निम्म्या रुग्णांना गुण येतो. हिमोग्लोबिन दोन-तीन महिन्यांत चढू लागते, प्लेटलेटना जास्त वेळ लागतो. रक्त चढवण्याची पाळी त्यामुळे टळते किंवा लांबते, पण आजार जात नाही.

आणि दाढी? खोटे कशाला सांगू, चेहऱ्यावर लव वाढू शकते. मुरुमे येतात, स्वभाव चिडका होतो. आवाज घोगरा झाला तर गोळी थांबवल्यावरही तो पूर्ववत होईलच असे नाही. मूल आधी भराभर उंच होते, मग हाडांची टोके लवकर जुळून उंची खुंटते. म्हणून डॉक्टर गुण टिकेल इतक्या कमीत कमी मात्रेवर आणतात. मला दाढीपेक्षा यकृताची काळजी जास्त वाटते. तिथे गाठी होऊ शकतात, म्हणून दर काही महिन्यांनी रक्ततपासणी आणि वर्षातून एक-दोनदा सोनोग्राफी चुकवायची नाही. शाळेत मुले चिडवतील, त्याची तयारी मात्र घरच्यांनीच करायची.

आजीआजोबांनी काय करू नये, तेही सांगते. लोहाचे टॉनिक पाठवू नका. रक्त चढवलेल्या मुलांच्या अंगात लोह आधीच साठलेले असते, ते यकृत-हृदयाला बाधते. तापाला ॲस्पिरिन देऊ नका, प्लेटलेट कमी असताना रक्तस्राव होतो. या मुलांना पुढे तोंडाच्या कर्करोगाचा धोका फार, त्यामुळे तंबाखू-दारू कायमची वर्ज्य. किद्दुशला आपले काळ्या मनुकांचे शरबत आहेच, वाइनचा घोटही नको.

रक्ताच्या कारखान्यावर खरा इलाज मगज बदलण्याचा. नाळेतल्या रक्ताचे जगातले पहिले रोपण १९८८ मध्ये पॅरिसला झाले, तो मुलगा फँकोनीचाच रुग्ण होता. दाता भाऊ-बहीण असेल तर आधी त्याचीही फँकोनीची तपासणी करतात, कारण आजार त्याच्यातही लपलेला असू शकतो. घरात कोणी जुळले नाही तर नोंदणीतले परके दाते शोधतात. जर्मनीतली डीकेएमएस ही संस्था १९९१ पासून हे काम करते, भारतातही तिची शाखा आहे. जुळणारा दाता आपल्याच वंशाच्या माणसांत मिळण्याची शक्यता जास्त, आणि आपण आहोत मूठभर. आपली वये नोंदणीच्या पलीकडे गेली, पण नातवंडांची नाहीत. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की नमुना झाला, सुईसुद्धा टोचत नाही.