सारंगखेड्याचा गल्ला

शहादा तालुक्यातलं सारंगखेडा तापीकाठी आहे. दत्तजयंतीला इथं एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तिचं नाव दूरवर गेलं ते घोडेबाजारामुळे. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी घोड्यांचा सौदा करायला परराज्यांतून लोक येतात. मला मात्र ओढ असते ती तमाशाच्या तंबूंची. करमणूक गिऱ्हाइकापर्यंत पोचते कशी, हे इथं उघड्या डोळ्यांनी पाहता येतं.

याच जिल्ह्यातल्या अक्राणी, अक्कलकुवा भागातले पाडे सातपुड्याच्या डोंगरांत विखुरलेले. तिथं पाड्यागणिक थिएटर काढायला कोण धजावेल? गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याचं हे काम यात्रा उलट्या बाजूनं करते. तिथी ठरलेली असते, त्यामुळे माणसं आपणहून येतात. फडाच्या मालकानं फक्त तिथीआधी तंबू ठोकायचा.

तमाशाच्या विक्रीच्या दोन तऱ्हा आहेत. सुपारीच्या खेळात गाव वर्गणी काढून फड ठरवतं, प्रेक्षकाला खेळ फुकट, आणि फडाचा पैसा आधीच पक्का. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात, तमाशा कलावंत विठाबाईंच्या गावात, गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. यात्रा कमिट्या तिथं येऊन घासाघीस करतात आणि तारखा बांधून जातात. हा तारखांचा घाऊक बाजारच म्हणायचा. तिकिटाच्या खेळात सगळी जोखीम मालकाच्या अंगावर. कलावंतांना दिलेली उचल, ट्रकचं भाडं, जनरेटरचं डिझेल, जागेचं भाडं, सगळं दारावरच्या गल्ल्यातून निघायला हवं. अवकाळी पाऊस आला की रात्र बुडाली. शेजारी दुसऱ्या फडाचा भोंगा वाजत असतो, म्हणून ढोलकीची पहिली थाप जोरकस लागते. खेळ कसा झाला याचा निकाल त्याच रात्री मालकाच्या हातात पडतो.

महाराष्ट्रातल्या जत्रांमधून सिनेमाही असाच हिंडला. टुरिंग टॉकीजवाले रिळांच्या पेट्या ट्रकवर टाकून गावोगाव जात. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, तो याच तंबूंवरचा. डिजिटल प्रक्षेपण आलं, रिळं निघायची थांबली आणि जुनी यंत्रं भंगारात गेली.

आता अहिराणी गाणी आणि मालेगावच्या छोटू दादाचे विनोद मोबाइलवर सहज बघता येतात. आधी हाच माल व्हीसीडीवर विकला जायचा. मोबाइलची पोच अफाट आहे, ते मी नाकारत नाही. पण मोबाइलवरच्या गिऱ्हाइकाशी कलावंताची गाठ पडत नाही आणि पैशाचा हिशेब दूरची कंपनी ठेवते. तंबूत शिट्टी आणि रुपया एकाच माणसाकडून येतात. नव्या वगातला कुठला प्रसंग पडला, हे फडाला पुढच्या मुक्कामाआधी कळतं.

सारंगखेड्याच्या यात्रेतला ‘चेतक फेस्टिव्हल’ सरकारी पाठबळानं गाजला. त्याच्या जाहिरातीत घोड्यांच्या बरोबरीनं फडांची नावं यावीत, आणि जागेचं भाडं ठरवताना तिकिटाच्या फडाची जोखीम धरली जावी. पावसानं खेळ बुडाला तर त्या रात्रीचं भाडं माफ करण्यापासून सुरुवात करता येईल.