मर्ढेकर : अभंगाच्या चालीत यंत्रयुग

जन्म आणि नोकरी

बाळ सीताराम मर्ढेकर यांचा जन्म १ डिसेंबर १९०९ रोजी खानदेशातल्या फैजपूरला झाला. आय.सी.एस.साठी ते लंडनला गेले. त्या परीक्षेत यश आले नाही, पण एलियटसारख्या नव्या इंग्रजी कवींच्या कवितेशी ओळख झाली. परतल्यावर काही काळ अध्यापन केले आणि पुढे आकाशवाणीत नोकरी. २० मार्च १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा वय जेमतेम ४६ होते.

कविता

‘शिशिरागम’ (१९३९) हा पहिला संग्रह रविकिरण मंडळ या कविमंडळाच्या वळणाचा, हळवा. खरे मर्ढेकर भेटतात ते ‘काही कविता’मध्ये (१९४७). दुसरे महायुद्ध नुकतेच संपलेले, मुंबईत गिरण्या, लोकल आणि गर्दी. हे सगळे त्यांनी मांडले ते थेट संतांच्या छंदात, म्हणजे अभंगात.

मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. तो आखूड चौथा चरण आला की कान विसावतो. कीर्तनात वाढलेला माणूस तिथे देवाच्या नावाची वाट पाहतो. मर्ढेकरांच्या एका कवितेत नेमक्या त्या जागी विजेवरची गाडी येते. सकाळी घाईने ती गाठणारा, साहेबापुढे मान लववणारा कारकून हा या अभंगाचा नायक. चाल भक्तीची आणि जगणे यंत्राचे, त्यामुळे वाचताना पोटात खड्डा पडतो. याला संतांचे विडंबन म्हणणे मला साफ चुकीचे वाटते. श्रद्धा हरवल्याचे दुःख सांगायला त्यांना तुकोबांचीच चाल हवी होती.

पिंपात मेलेल्या उंदरांवरच्या कवितेने वाचक हादरले. दुर्बोधतेचा आरोप झाला, ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटलाही चालला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. ‘आणखी काही कविता’ १९५१ साली आला.

कादंबऱ्या आणि समीक्षा

‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीत त्यांनी संज्ञाप्रवाहाचे तंत्र मराठीत आणले. मनात येणारे विचार जसे उसळतात तसेच कागदावर येतात. ‘तांबडी माती’ आणि ‘पाणी’ या त्यांच्या आणखी दोन कादंबऱ्या. तिन्ही आज कवितेच्या सावलीत गेल्या आहेत, पण पहिली तरी आवर्जून वाचावी अशी आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या समीक्षाग्रंथाला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

कुठून वाचावे

‘काही कविता’पासून, आणि मोठ्याने. अर्थ लगेच लागला नाही तरी अडून बसू नये, आधी चाल कानात बसू द्यावी. ‘शिशिरागम’ नंतर वाचला तरी चालेल.