शांती : एक शब्द, अनेक अर्थ

वर्गात शिक्षक ‘शांतता!’ म्हणतात, तेव्हा गप्प बसणे अभिप्रेत असते. पोलीस ठाण्यात ‘शांतताभंग’ म्हणजे सुव्यवस्थेला बाधा. वास्तुशांती, ग्रहशांती हे विधी काल्पनिक कोप टळावा म्हणून केले जातात. दोन राष्ट्रांत तह झाला, की ‘शांतता प्रस्थापित झाली’ असे आपण म्हणतो.

हा शब्द संस्कृत ‘शम्’ धातूपासून आला. पालीत त्याचे रूप ‘सन्ति’. शमणे म्हणजे निवणे. मराठीत आग शमते, राग शमतो, तहान शमते. म्हणजे शांतीच्या मुळाशी मौन नाही, दाह निवणे आहे. तथागतांच्या धम्मात हा दाह लोभ, द्वेष व मोह यांचा. तो विझणे हेच निब्बाण.

परंतु दाह केवळ मनातच असतो काय? ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेला संघर्ष सांगितला आहे. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला; पण वाद दडपा, असे तो म्हणाला नाही. दोन्ही बाजूंची माणसे निवडून निवाडा करावा, असे त्याने सुचविले.

महाडलाही प्रश्न पाण्याचाच होता. २० मार्च १९२७ पूर्वी चवदार तळ्याकाठी ‘शांतता’ होती. ती तहानलेल्यांच्या मौनाची. त्या दिवशी बाबासाहेब व त्यांचे हजारो अनुयायी ते पाणी प्याले आणि नंतर त्यांच्यावर हल्ला झाला. तरीही बाबासाहेबांनी आपल्या लोकांना प्रतिहल्ल्यापासून आवरले; हक्क मात्र सोडला नाही. पुढे दीर्घ न्यायालयीन लढा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. हात आवरणे आणि हक्क न सोडणे, या दोहोंच्या मेळातून शांती घडते.

नोकरीच्या आरंभी मला निःशब्द वर्गाचा अभिमान वाटे. पुढे कळले, वसतिगृहात नवे आलेले मूल गप्प असते ते भीतीने. तेच मूल ‘गुरुजी, असे का?’ म्हणून विचारू लागते, तेव्हा वर्गात थोडा गलका होतो, पण त्याचे मन निवू लागलेले असते.

माजी विद्यार्थ्यांनो, गावात वा कार्यालयात कोणी ‘शांतता राखा’ म्हणाले, तर हात अवश्य आवरा. मात्र एवढे विचारा : तहान कोणाची शमली, आणि कोणाची अजून शमायची आहे?

जय भीम!